एक बाण कमी

मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. 'तीर्थरूप' लिहिलं की तू हसतोस, म्हणून नुसतं प्रिय. मी ठीक आहे. खोलीत ऊन येतं, नळाला पाणी असतं. आईला सांग, जेवण वेळेवर होतं. बहुतेक वेळेवर. खोटं कशाला लिहू?

तू दिलेला लॅपटॉप अजून उत्तम चालतो. म्हणजे बिघडलेला नाही, पण ऐक.

कामाच्या नोंदी कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, हे टर्मिनलच्या, म्हणजे लॅपटॉपला हुकूम लिहून द्यायच्या काळ्या खिडकीत मला रोज सकाळी टाइप करावं लागायचं. खिडकी बंद केली की ती विसरायची. ऑफिसातले शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले परवा म्हणाले, "अहो, रोज काय तोच जप लावलाय? खिडकी उघडताना ती जी सुरुवातीची फाइल वाचते, तिच्यात एक ओळ टाका, कायमचं मिटेल!"

मिटलं खरंच. फाइलच्या शेवटी ओळ जोडायला बाणाची दोन चिन्हं द्यायची असतात. मी एकच दिलं. त्याने आधीचं सगळं पुसलं आणि माझी एकटी ओळ ठेवली. अशा वेळी आधी प्रत काढून ठेवायची, हे तूच मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं होतंस. माझी शाळा तूच होतास. तेव्हा दोष शाळेचा नाही.

त्या फाइलमध्ये तू लिहून ठेवलं होतंस ना, खिडकी उघडली की दिसायचं: "उठलं का माकड? पाणी पी. चुकलं तर चुकू दे." तेही गेलं.

आता फोल्डर बिनचूक सापडतो. खिडकी उघडते आणि नुसती रेघ लुकलुकत राहते.

तुला कधी सांगितलं नाही, मी त्याला उत्तर द्यायचे. मोठ्याने. "उठलंय माकड," म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी तेवढंच बोलणं व्हायचं, म्हणून काम नसलं तरी खिडकी उघडायचे.

ते शब्द मला पाठ आहेत. मी परत टाइप करून पाहिले. पण मीच मला माकड म्हणायचं, त्यात काय राम?

निघताना तू चिडून म्हणालास, "जा, पण रडत फोन करायचा नाही." म्हणून मी करत नाही, आवाजाचा भरवसा नाही. तुला मात्र कुणी मनाई केलेली नाही.

तुझ्याकडे जुनी प्रत असली तरी फाइल पाठवू नकोस. फोन कर आणि एकेक ओळ सांग, शुद्धलेखन घालायचास तशी. मी मुद्दाम हळू लिहीन.

संध्याकाळी घरीच असणारी,
तुझी धाकटी