जुन्या भट्टीखालचं लोखंड

४ जून
राजधानीहून, होनियाराहून, यंत्र घेऊन गावी आले. महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब शोधायचं सरकारी काम, आणि सुरुवात आमच्याच परड्यातून. आई म्हणाली, "ब्रिस्बेनला जाऊन इतकी शिकलीस, नि गवत कापायची गाडी ढकलतेस?"

५ जून
खरंच तशीच दिसते. जमिनीत लहरी सोडायच्या. पुरलेल्या वस्तूवर आपटून विखुरल्या की परत पकडायच्या, आणि त्यांवरून उलटा हिशोब करून वस्तूचा आकार काढायचा. अडचण एवढीच — गाडी एकाच रेघेत फिरवली तर झाडाचं मूळ, पत्रा, बॉम्ब सगळं सारखंच भासतं. म्हणून उभ्या-आडव्या पुष्कळ रेघा.

जुन्या भट्टीच्या जागेवर आले आणि पाय अडले. इथे दगड तापवून आई रताळी, मासे भाजायची. केळीच्या पानांचा तो करपट वास — अजून नाकात आहे. मी सात वर्षांची होते. एका सकाळी बाबांनी भट्टी मोडली आणि थेट ओढ्याकाठी नवं स्वयंपाकघर बांधलं. कारण सांगितलं नाही. आई तेव्हापासून तिथवर लाकडं वाहते. थोरले काका बाबांना हसायचे, "हेन्सलीला भूत दिसलं." मी बाबांवर कितीतरी वर्षं रागावून होते. ते गेले तेव्हाही.

७ जून
भट्टीच्या जागेचं चित्र तयार झालं. हातभर खोल, लांबट, एका टोकाला निमुळतं. लोखंडच.
आईला दाखवलं.
"तुझ्या बाबांची पहार त्यावरच आपटली होती. वर जाळ नको म्हणून भट्टी मोडली."
"तुला माहीत होतं?"
"सरकारला सांगितलं असतं तर आपल्याला इथून उठवलं असतं, नेली. पाच पोरं घेऊन जायचं कुठे?"

८ जून
बाबांच्या थडग्यापाशी गेले. गवत उपटत बसले.

११ जून
पथकाने बॉम्ब उचलून नेला. आख्खं गाव लांब चर्चपाशी उभं. परतताना काका म्हणाले, "चारचौघांत भित्रा म्हणायचो गं मी त्याला."

१२ जून
आज ओढ्याकाठी, चुलीभोवती रेघा मारल्या. दोन आहेत. पहिल्यापेक्षा मोठे.
आईला सांगितलं. तिने शिजत आलेलं भांडं खाली उतरवलं, आणि पाण्याचा हंडा उचलून चुलीत ओतला.