छतातला उजेड

गिरगाव, मुंबई
३ एप्रिल १९३७

तीर्थरूप तात्यांच्या पायांशी म्हाळसाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. चंद्राआत्या पोटभर वाढतात, हे आईला सांगा. तिची कंबर कशी आहे?

चित्रांच्या संग्रहालयासाठी साहेबांनी माझा नकाशा निवडला, हे मागे कळवलंच होतं. इमारत नव्या तऱ्हेची आहे. भिंतींना एकही खिडकी नाही, सिमेंटचं सपाट छत, उजेड सगळा वरून. युक्ती सुचली ती आपल्या माळवदातल्या सवण्यावरून, चुलीवरच्या त्या उजेडाच्या भोकावरून. ऑफिसातले गुप्ते म्हणाले, "बाई, आत चित्रं ठेवायचीत की ज्वारी?" सगळे हसले, मीही हसले.

पण तात्या, काल मला माझीच एक चूक दिसली. घरी आभाळ भरलं की आई ओरडते, "पोरी, सवणं झाक, चूल भिजंल!" आणि आपण वर पळतो. मी नकाशात छताची भोकं तशीच ठेवली. वर काच दाखवली, पण भोवती उंच काठ काढायचा राहिला. सपाट छतावर साचलेलं पावसाचं पाणी काचेखालून चित्रांवर उतरेल. तिथं झाकायला कोण पळणार? सोमवारी छताचं सिमेंट ओततील, मग सुधारता येणार नाही.

हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. सांगितलं तर गुप्ते म्हणतील, हे बायकांचं काम नव्हे. साहेबांनाही तसंच वाटेल, ही धास्ती आहे.

हे पत्र पेटीत टाकून तशीच साहेबांकडे जाते. नकाशा निवडल्याचं आपल्या लासुर्ण्यात इतक्यात कोणाला सांगू नका. सांगून झालं असेल, तर माझी चूकही सांगा.

तुमची लेक,
म्हाळसा