आखातातून आलेली खोकी

७ डिसेंबर २००३
आज दासगावजवळच्या कस्टम नाक्यावर रुजू झाले. खोकी तपासायचं नवंकोरं एक्स-रे यंत्र पाहून जीव हरखला. एका परदेशी सरकारने सीमेवरच्या नाक्यांसाठी अशी यंत्रं मदत म्हणून दिली आहेत. त्र्याण्णवच्या बॉम्बस्फोटांपासून आपल्या किनाऱ्यावर नजर असते, म्हणून एक इथे आलं. पट्ट्यावर खोकं ठेवलं की आतलं सगळं पडद्यावर दिसतं. लोखंड निळं, कापड, साबण, खाऊ नारिंगी. मुंबईहून येणाऱ्या ट्रकांत बहुतेक आखातातल्या पोरांनी घरी धाडलेली खोकीच असतात. महाडात खोली मिळाली. मालकीण रिझवानाभाभींनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण पाठवलं. अम्मीला खेडला फोन केला. सौदीत, दम्मामला असलेल्या धाकट्या भावाला, ताबिशलाही कळवायचंय. त्याला अजून वाटतं, आपा फक्त रागवायलाच जन्मली.

१६ डिसेंबर
एका खोक्यात माणूस दिसला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, नारिंगी. पट्टा थांबवून खोकं उघडलं. ब्लँकेट, दूध पावडर, अत्तर, एक बाहुली. पाठवणारा दासगावचा सईद, कुवेतला असतो. त्याची बायको महरुन्निसा खोकं न्यायला नाक्यावरच आली होती. तिने ब्लँकेट गालाला लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघून लाजली. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार होते?

१९ डिसेंबर
सईद गेला. परांचीवरून पडला. महरुन्निसाला भेटून आले. ते ब्लँकेट ती कोणाला हात लावू देत नाही.

२ जानेवारी २००४
परदेशी इंजिनिअर येऊन गेला. म्हणाला, यंत्रात दोष नाही, आत असतं तेच ते दाखवतं. साहेबांना विनवलं, काही दिवस बंद ठेवू या. ते म्हणाले, प्रत्येक नग तपासायचा ही मदतीची अट आहे. इथलं बंद पडलं तर बाकीच्या नाक्यांची यंत्रं अडकतील. वर म्हणाले, थोडी रजा घ्या.

१४ जानेवारी
पुन्हा खोक्यात माणूस दिसला. खोकं पोलादपूरचं, आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीला जाणारं. पाठवणारा किशोर, मस्कतला गवंडी. या वेळी गप्प बसवेना. एसटीने वाडी गाठली. त्याचे वडील भागोजी अंगणात होते. किशोरला काम सोडून लगेच बोलवून घ्या, एवढंच म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. "ताई, पोर बरा हाय ना? काय झाला नाय ना?"
नाही, म्हटलं. खाली रस्त्यावरच्या बूथवरून त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

१७ जानेवारी
किशोर विमानतळाकडे निघाला होता. गाडी उलटली. मी गेलेच नसते तर—
भागोजी नाक्यावर आले. रागावले नाहीत. "तुमाला कसा कळला, ताई?" एवढंच विचारून उभे राहिले.

२५ जानेवारी
जेवण जात नाही. प्रत्येक खोक्यावर कोणाच्या तरी आईचं नाव—

३० जानेवारी
आज अम्मीचं. अक्षर ताबिशचं. मी खोकं बाजूला काढलं. साहेबांनी स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवलं. मी डोळे मिटले. मग उघडले.
गुडघे पोटाशी. डाव्या हातात निळी सळई. लहानपणी चिंचेवरून पडला तेव्हा घातलेली— मीच नेलं होतं त्याला दवाखान्यात—

दुपारी
फोन लागला. हसतोय. सईदच्या वेळी गप्प राहिले, तो गेला; किशोरच्या घरी सांगितलं, तोही गेला. म्हणून नुसतं बोलत ठेवलंय. कानाशी फोन धरूनच लिहितेय. खोलीतच बस, म्हटलं. अम्मीच्या हातच्या गोड सांदणांचं बोलले— खाडीतल्या होडीचं— तो म्हणतो, आपा, तू एवढं कधी बोललीस? रडतेस का?
नाही रे. बोलत राहा.
श्वास ऐकू येतोय. अजून— अजून आहे—
म्हणतो, थांब हं आपा, दारावर कोणी—