गुलाल पडलेली गाडी नावावर होत नाही

राजारामपुरी, कोल्हापूर
शुक्रवार, दुपारची वेळ

ती. दाजींच्या पायाशी,

तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे अमरसिंहाचा, मान खाली घालून नमस्कार. मान खाली का, ते पुढं कळेलच. तुमची कमर आता कशी आहे? उसाची मोळी स्वतः उचलायचं वय गेलं असं डॉक्टरांनी सांगूनही तुम्ही उचलली, हे कळलं. अनुजाअक्काचा घसा बसला होता तो सुटला का? (सुटला असणारच, नाहीतर गडहिंग्लजहून एवढे फोन आले नसते. हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.) म्हैस व्याली असेल तर खरवस चुकला याचं दुःख आहे, पण सध्या दुःखांची रांग मोठी असल्यानं त्याचा नंबर मागं लागतोय. फोन सोडून पत्र कसलं लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. दाजी, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी 'हॅलो' म्हणतो आणि तिकडून अक्का, तुमच्या आई आणि शेजारच्या बयाबाई सगळ्या मिळून 'बोल की' म्हणतात. असल्या सभेत मी माझ्या काळजाचं कसं बोलू? तोहिदचा चुलतभाऊ टेम्पो घेऊन तिकडं येतोय, त्याच्या हातात हे पत्र देतोय. गोठ्यात जाऊन वाचा आणि म्हशीलासुद्धा ऐकवू नका.

आधी मुद्दा सांगतो. सोमवारी मला कोर्टात शांत उभं राहायचंय. शांत राहिलो तर क्रांती मला मिळायची थोडी आशा आहे. आवाज चढला तर तिचे अप्पा तिला इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्या स्थळाला देणार. (तो मुलगा मी बघितलाय. केसाला तेल लावतो आणि सगळ्यांना 'जी' म्हणतो. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?) क्रांती तुम्हाला माहीत आहे. डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो. ती पास होत पुढं गेली आणि मी वर्कशॉपच्या सरांशी भांडून मध्येच बाहेर पडलो. चूक सरांची होती, पण ते अजून तिथंच आहेत आणि मी नाही. अप्पांनी मागं एकदा मला समोर बसवून सांगितलं होतं, की कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आता स्वतःच्या नावावर गाडी कर, कागलच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण करायचं काम धर, मग बघू. कंपनीतही बोलणं झालं होतं. त्यांची अट एवढीच, की गाडीच्या कागदावर माझं नाव पाहिजे. म्हणजे माझ्या आणि क्रांतीच्या मधे फक्त एक गाडी उभी होती, दाजी. मी ती घेतली.

शहराबाहेरच्या एका जुन्या गाड्यांच्या बाजारात मला ती दिसली. पांढरी, सात जणांची, पुढून बघितलं तर हसल्यासारखी. मालकाचं नाव पृथ्वीराज. हातात कडं, कपाळाला अष्टगंध आणि बोलणं असं, की आपणच त्याच्यावर उपकार करायला आलोय असं वाटावं. म्हणाला, "पावणं, घरची गाडी हाय. बायको माहेराला असती, म्हणून वापर न्हाई." (संपूर्ण व्यवहारात तो हे एवढंच खरं बोलला.) त्याला माझी बुलेट आवडली. बुलेट आत्ता द्यायची, बाकीचं कंपनीचं काम सुरू झाल्यावर, असं ठरलं. एवढा भला माणूस कलियुगात कसा, असा विचार माझ्या मनात आला होता, हे मी देवाशपथ सांगतो. मी तो विचार झटकून टाकला.

तोहिदला मी सोबत नेलं होतं. शिरोलीला गॅरेज असलेला, माझा बालमित्र तोहिद. त्यानं गाडीखाली झोपून, इंजिनला कान लावून, चेसिसचा नंबर घासून बघितला आणि म्हणाला, "यंत्र झकास हाय. आता कागद तू बघ. नुसता बँकेचा बोजा बघू नकोस, खाली कोर्टाची, पोलिसांची कसली अडकाठी हाय का तेबी बघ. आणि हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन एकदा तोंडानं इचार." मी लगेच मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला. मालक तोच, विमा चालू, बोजा नाही. आणि बोट खाली सरकवणार एवढ्यात क्रांतीचा फोन आला. तिचा फोन आला की स्क्रीनवर तिचा पन्हाळ्यावरचा फोटो येतो, तीन दरवाजाजवळचा, वाऱ्यानं ओढणी उडालेला. आता मला सांगा, तो फोटो समोर असताना कुठला माणूस आरटीओची खालची ओळ वाचेल? बोलणं संपल्यावर मी गाडीला मिठी मारली आणि तोहिदला सांगितलं, सगळं बघितलं, सगळं स्वच्छ आहे.

पुढची चूक माझ्या एकट्याची नाही, ती अख्ख्या जिल्ह्याची आहे. आपल्याकडं गाडी घेतली की तिचं तोंड आरटीओकडं वळत नाही, जोतिबाच्या डोंगराकडं वळतं. मीही वळवलं. चांगभलं म्हणून मूठमूठ गुलाल उधळला, खोबरं वाटलं, चाकाखाली लिंबू चिरडलं. पांढरी गाडी पार गुलाबी झाली. गुरव म्हणाला, गुलाल धुवायचा नसतो, आपोआप उडू द्यायचा. मी धुतला नाही. ह्या गुलालानं पुढं काय केलं ते ऐका.

तशाच गाडीनं दुसऱ्या दिवशी आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतले, संगणकात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि कागद परत सरकवले. म्हणाल्या, ही गाडी नावावर होत नाही. कोर्टाची मनाई आहे. विकायची नाही, कुणाच्या नावावर करायची नाही, असं कळवलंय. मी अत्यंत शांतपणे कारण विचारलं. (तोहिद बाहेर पार्किंगमध्ये उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं म्हणतो.) बाई काही हलल्या नाहीत. "ओरडून कोर्टाची मनाई उठली असती तर वकील लोक उपाशी मेलं असतं. बाहीर गुलालात उभी हाय ती तुमचीच व्हय? आधी हिकडं यायचं असतंय, मग डोंगरावर." रांगेतली माणसं हसली. त्यातल्या एका हसणाऱ्याला मी काहीतरी बोललो, तो काहीतरी बोलला, आणि तोहिदनं मला मागून कमरेला धरून उचलून नेलं. बाहेर येऊन मोबाईल उघडला आणि ह्या वेळी बोट खाली, पार तळापर्यंत नेलं. ओळ तिथंच होती. पहिल्यापासून तिथंच होती.

तडक पृथ्वीराजकडं गेलो. तो बाजारातल्या खुर्चीत बसून मिसळ खात होता. मी म्हटलं, गाडी घे, बुलेट दे. त्यानं पाव मोडला, कटात बुडवला आणि म्हणाला, "गुलाल पडलेली गाडी मी परत घेत न्हाई, पावणं. अपशकुन असतोय." मग माझी बुलेट? "ती गेली की सांगलीला." दाजी, माझे कान एकदम बंद झाले. तुम्हाला माझं माहीत आहे. कान बंद झाले की हात सुटतात. पण मी क्रांतीला आठवलं आणि फक्त त्याची कॉलर धरली. एवढंच. त्याची पोरं धावून आली, तोहिद मधे पडला. पृथ्वीराज शर्ट झटकत म्हणाला, "मनाई कुणी आणली? माझ्याच बायकोनं. स्वप्नाली नाव. जा की तिच्याकडं. तिनं कोर्टात अर्ज मागं घेतला की गाडी तुझी." आणि पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावाचा पत्ता दिला. तोहिद म्हणाला, चल, आधी एखादा वकील गाठू. मी म्हटलं, एका बाईला ताई म्हणून हात जोडायला वकील कशाला? त्यानं कपाळाला हात लावला आणि गॅरेजला निघून गेला. मी एकटाच निघालो.

वाटेत भाषण पाठ केलं. ताई, मी तुमच्या धाकट्या भावासारखा, माझं लग्न अडलंय, वगैरे. गावात शिरलो तर गल्लीतली माणसं उठून उभी राहायला लागली. मला वाटलं, देवाची गाडी म्हणून मान देतात. पत्त्याच्या दारात थांबलो, आणि कोंबड्या आडव्या आल्या म्हणून हॉर्न दाबला. पृथ्वीराजनं त्यात सनईचा हॉर्न बसवलेला. दाजी, आता तुम्हीच विचार करा. आपल्याकडं निकालाच्या दिवशी गुलाल कुणाच्या अंगावर असतो? आणि हरलेल्याच्या दारात जाऊन मुद्दाम वाजवायला कोण जातं? त्या घराचा कोर्टात दावा चालू, आणि मी विरुद्ध पार्टीची गाडी गुलालात माखून त्यांच्या दारात सनई वाजवत उभा!

आतून एक म्हातारी खराटा घेऊन आली. त्या तानाबाई, स्वप्नालीची आई. "जिंकलासा व्हय रं? आमच्या दारात गुलाल मिरवाय आलासा?" म्हणत पहिला खराटा बॉनेटवर आणि दुसरा माझ्यावर. गल्ली गोळा झाली. कुणीतरी गाडीपुढं बैलगाडी आडवी लावली. मी ताई, भाऊ, लग्न, जे पाठ होतं ते सगळं उलटसुलट ओरडत होतो. आणि तेवढ्यात घरातून एक माणूस बाहेर आला, चष्मा वर केला, आणि गल्ली बाजूला सरली. "तू?"

क्रांतीचे अप्पा.

तानाबाई त्यांची सख्खी बहीण. स्वप्नाली म्हणजे क्रांतीची माईताई. सगळे तिला माईच म्हणतात, म्हणून कागदावरचं नाव मला कधी कळलंच नव्हतं. माईताईला नवऱ्यानं घराबाहेर काढलं, लग्नात मामानं हौसेनं दिलेली गाडी दाबून ठेवली, हे क्रांती मला रडत सांगायची आणि मी 'त्याला माझ्यापुढं आण' म्हणायचो. तो आला की समोर! आणि मी त्याला बुलेट देऊन आलो. अप्पा गाडीभोवती फिरले. मागच्या काचेवरचा गुलाल हातानं पुसला. तिथं 'मामाकडून माईला' असं खरवडून काढलेलं, पण उजेडात वाचता येत होतं. पृथ्वीराजनं कोर्टात सांगितलं होतं, गाडी कुठं आहे मला माहीत नाही. ही माणसं वर्षभर ती शोधत होती. अप्पा माझ्याकडं वळले. त्या क्षणी मला वाटलं, आता खराटा त्यांच्या हातात जाणार. तेवढ्यात माईताई दारात आली आणि म्हणाली, "मामा, त्येला बोलू नका. फसलाय त्यो. मीबी अशीच फसली न्हवं का? त्याचं बोलणंच तसं असतंय."

अप्पांनी वकिलाला फोन लावला. वकील म्हणाले, गाडी दारात ठेवू नका, सरळ ठाण्यात न्या, पंचनामा करा. म्हणून बैलगाडी बाजूला झाली आणि मी गाडी चालवत ठाण्यात निघालो, शेजारी अप्पा. माझ्या स्वप्नात अप्पा याच सीटवर बसायचे. फक्त तेव्हा आम्ही लग्नाचा बस्ता काढायला निघालेलो असायचो. गाडी जमा झाली, माझा जबाब झाला, आणि परतीच्या एस.टी.त उभे असताना ते बोलले. सोमवारी कोर्टात येऊन गाडी कुणी विकली ते सांगायचं. "त्येचा वकील तुला डिवचणार. कॉलेज का सुटलं, कुणाची कॉलर धरली, समदं काढणार. तिथं तुझा आवाज चढला की आमच्या माईची केस पडली. आणि तुझीबी." मी हो म्हटलं. मग त्यांनी माझं तिकीट काढलं. यंत्रमागवाल्याचं तिकीट ते काढतील का? कालपासून मी याच विचारात आहे. रात्री क्रांतीचा फोन आला. मी 'ऐक तरी' म्हटलं. ती म्हणाली, "आता सोमवारपर्यंत तूच ऐकायचं," आणि ठेवला. ठेवला हे वाईट, पण केला हे चांगलं ना?

माझी गाडी गेली, बुलेट गेली, कंपनीचं कामही गेलं. त्याचं काही वाटत नाही. सोमवारी कान बंद होतील याची मात्र भीती वाटते. थोरामोठ्यांना नमस्कार, भाचरांना पापा, आणि अक्काला हे पत्र आलंच नाही असं सांगा.

तुमचा,
अमरसिंह

ता. क. अप्पांनी विचारलं, तुमच्या घरात थंड डोक्याचं थोरलं माणूस कोण? बाबांचं नाव घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुमचं घेतलं. तेव्हा सोमवारी या, कोर्टात माझ्यासमोरच्या बाकावर बसा, आणि माझा आवाज चढतोय असं दिसलं की जोरात खोका. अक्काला आणू नका. ती पृथ्वीराजच्या वकिलालाच धरील.

दुसरा ता. क. वर कॉलरचं लिहिलंय ते खरं आहे, पण अपुरं आहे. मिसळही त्याच्या डोक्यावरच गेली, कटासकट. त्यानं तक्रार दिलीय आणि मला उद्या ठाण्यात बोलावलंय. जामीन लागेल असं तोहिद म्हणतो. अप्पांना अजून माहीत नाही. म्हणून सोमवारी नको, उद्याच पहिल्या गाडीनं या, आणि येताना आधार कार्ड व सातबारा घेऊन या.

तिसरा ता. क. पहिल्या गाडीनं म्हणजे एस.टी.नं. तुमची गाडी आणू नका. तुम्हीही ती दिवाळीला इथल्याच बाजारातून घेतलीय, म्हणून काल सहज तिचा नंबर टाकून बघितला आणि तळापर्यंत वाचलं. ती पोलीस ठाण्याच्या आवारात उभी करण्यासारखी नाही, दाजी. बाकी समोर बोलू. तोवर डोकं थंड ठेवा.