पहाऱ्याची बदली

अण्णा, काल सकाळी आपल्या धाकट्यानं मला फाटकावर अडवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आठवायला मला भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं, पण आवाजाला फोटो लागत नाही. तो कानात होता तसाच आहे. काल फाटकावर तोच आवाज पुन्हा ऐकू आला आणि वाटलं, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगणार म्हणा. तुमची थोरली सून देवाघरी गेली, नात बंगळुरात नोकरीला, आणि दुकानात मी शेठ. शेठनं रडगाणं गायचं नसतं, कामगार लगेच सुट्टी मागतात.

बुवापाड्यातली आपली खोली तुम्ही विसरला नसाल. वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून आईचा स्टोव्ह, आणि दाराशेजारी भिंतीला पाठ लावून तुमची लोखंडी खुर्ची. पलटणीतून हवालदार होऊन सुटलात, अंबरनाथला केमिकल कंपनीच्या गेटवर लागलात, आणि दिवसभर गेट राखून घरी आलात तरी बसणार दारापाशीच. आत पंख्याखाली बसा म्हटलं तर ऐकत नव्हतात. मी शाळेतून येतोय, दिवेलागण झालीय, आणि पाय अजून उंबऱ्याबाहेर असतानाच आतून येतं, "थम! कौन आता है?" मी म्हणायचं, "दोस्त." तुम्ही म्हणायचं, "दोस्त, आगे बढो." मगच चप्पल काढायची. आई पिठाच्या हातानं ओरडते, "अहो, येऊ द्या की त्याला आत, भाकरी गार व्हायला लागलीय. पोटच्या पोराला वळखत न्हाई व्हय तुम्ही?" आणि तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं, "ओळख पटल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. ऑर्डर आहे." एकदा शेजारच्या मावशी विरजण मागायला आल्या, त्यांनाही तुम्ही अडवलंत. त्यांनी वाटी तुमच्या नाकासमोर धरली. "काय हो हवालदार, दुश्मन असते तर रिकामी वाटी घेऊन आले असते का?" तुम्ही इतके हसलात की खुर्ची करकरली. त्या दिवसापासून मावशी चार दारं अलीकडूनच हाळी द्यायच्या, "दोस्त येतीय हो, विरजण काढून ठेवा!"

पण तुमचे ‘थम’ दोन होते, अण्णा. एकाच्या मागं हसू दबा धरून बसलेलं असायचं. दुसऱ्याच्या मागं काहीच नसायचं. तो दुसरा आला की तुम्ही खरंच विचारत असायचात, बाहेर कोण आहे ते तुम्हाला खरंच माहीत नसायचं, आणि खुर्चीखाली कँटीनच्या रमची बाटली अर्धी झालेली असायची. मी ‘दोस्त’ म्हणालो तरी तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहायचात. आई स्टोव्ह बारीक करायची. धाकटा तेव्हा एवढासा, तो मात्र खुशाल तुमच्या मांडीवर चढायचा. त्याला दोन्ही ‘थम’ सारखेच. मी गल्लीच्या तोंडाशी थांबून तुमच्या खोकल्यावरून ओळखायचो, आज कुठला येणार. माझे कान तिथं तयार झाले. लोक म्हणतात, उल्हासनगरात.

उल्हासनगरचंही सांगतो, कारण तेव्हाचं तुमचं एक वाक्य मला अजून पाठ आहे. भरतीत मी धावण्यात मागं पडलो आणि घरी आलो. तुम्ही म्हणालात, "कानानं ऐकतोस तेवढं पायानं पळाला असतास तर आज वर्दीत असतास." आठ दिवस बोलला नाहीत. मग मी सिंधी शेठकडे जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरायच्या कामाला लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी निघताना माझ्या शर्टाच्या खिशात काहीतरी खोचलंत. बाहेर येऊन पाहिलं तर नवा टेस्टर. लाल मुठीचा. शेठ म्हातारा माणूस, मोटरीच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर लावायचा, त्याची मूठ माझ्या कानाला, आणि सिंधीत पोराला हाक मारतात तसं म्हणायचा, "सुन पुट, मोटर जलने से पहले बोलती है." ते मला शिकवावं लागलं नाही. बेअरिंग कोरडं पडलं की कसं कण्हतं, हे मला शेठच्या आधीच कळत होतं. त्यावरच पुढं स्वतःचं दुकान झालं, बेलवलीला फ्लॅट झाला. तुम्ही यातलं काही पाहिलं नाहीत. कावीळ म्हणून तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि गेलात तेही कावीळ म्हणूनच सगळ्यांना सांगितलं. तेव्हा दारूवर इलाज म्हणजे देवीपुढं शपथ, आणि तुम्हाला झोपेत काय दिसायचं यावर इलाज म्हणजे आई तुमच्या उशाखाली सुरी ठेवायची. पलटणीनं तुमचे दात तपासले, डोळे तपासले, गुडघ्याला पट्टा दिला. झोप लागते का, हे मात्र कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

धाकटा पायानं पळाला. तुमच्याच पलटणीत गेला. वरच्या बर्फात राहिला, काय काय बघितलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि नाईक म्हणून सुटून आला. सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, एका गोदामावर बंदूकवाल्या सिक्युरिटीचं काम धरलं. पहिली दिवाळी झकास गेली. नंतर कँटीनचा कोटा महिना संपायच्या आत संपायला लागला, मग बाहेरची सुरू झाली. त्याची बायको वैतागून माहेरी गेली, साताऱ्याकडे. मी त्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. कार्ड होतं, हक्क होता. काउंटरवरच्या बाईंनी मोठ्यानं विचारलं, "पेशंट मानसिकचा आहे का दारूचा?" सगळी रांग वळून बघायला लागली. धाकटा म्हणाला, "दोन्ही, मॅडम. कॉम्बो आहे." रांग हसली, तोही हसला. मी शेजारी होतो, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बाहेर आल्यावर चहा घेताना म्हणाला, "दादा, कागदावर मानसिक लिहिलं ना, की संपलं. मग बंदूक कोण देईल माझ्या हातात? ते म्हणतील, पागल है, काढा याला." आणि पुन्हा त्या दाराशी यायला तयार होईना.

म्हणून मी हुशारी केली. बदलापूरच्या पुढं डोंगराच्या कडेला एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, फौजेतून सुटलेल्यांसाठी तिथं वेगळी बैठक असते, असं मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. धाकट्याला म्हटलं, "चल, तिकडं गावठी कोंबडी फक्कड मिळते." बिचारा उपाशीपोटी आला. गाडी केंद्राच्या आवारात शिरली तेव्हा त्याला कळलं. उतरला, सही केली. आणि आठवडा व्हायच्या आत पिशवी घेऊन निघून गेला. रात्रीचा फोन आला त्याचा. एवढंच म्हणाला, "कोंबडी छान होती, दादा." मग कितीतरी महिने माझा फोन घेतला नाही. इकडं मला या बेलवलीत रक्ताचं दुसरं कोण आहे? रविवारी दुकान बंद असलं की मी स्टेशनपर्यंत चालत जायचो, पेपर घ्यायचो, परत यायचो. वाटेत ज्यांच्याशी बोलायचो ते सगळे मोटरींबद्दलच बोलायचे.

मागच्या महिन्यात त्याच्या बायकोचा साताऱ्याहून फोन. "भाऊजी, ते फोन उचलत नाहीत हो. तुम्ही तेवढं बघून या ना." मी दुकान सोडून सोनिवलीला गेलो. भर दुपार, जिन्यात कुणी नाही. बेल वाजवली, हाका मारल्या, काही नाही. मग मी मोटरीला लावतो तसा दाराला कान लावला. आत पंख्याचं बेअरिंग खटखट करत होतं. स्टीलचा पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज आला, अगदी जवळून, दाराला लागूनच. म्हणजे खुर्ची दारापाशी होती. आणि मग आतून, "थम! कौन आता है?"

तो दुसरा होता, अण्णा. ज्याच्या मागं काहीच नसायचं तो. मी पुन्हा शाळेचं दप्तर घेऊन उभा होतो, आणि तोंडातून आपोआप निघालं, "दोस्त."

पेला पुन्हा फरशीवर टेकला. मग आतून जड आवाज आला, "तू कधीपासून दोस्त? तू तर भाऊ. भाऊ कोंबडी खायला नेतो."

मी म्हटलं, "आज कोंबडी नाही. आज सांगून न्यायला आलोय. तिथंच."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी इथं जिन्यात बसतो. मला कुठं जायचंय? घरी तरी कोण वाट बघतंय?"

हे मी त्याला पटवायला म्हणालो नव्हतो, सहज निघून गेलं. पण त्यानंच कडी काढली. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "अंघोळ करू दे. असा जाणार नाही." अंघोळ केली, दाढी करताना दोनदा कापलं, आणि बुटांना पॉलिश केलं, अण्णा. त्या थरथरत्या हातांनी, टाचेपर्यंत.

केंद्रात तेव्हा एक निवृत्त सुभेदार भेटले. आता तिथं समुपदेशक आहेत, आधी त्याच केंद्रात पेशंट होते, हे पहिल्या वाक्यातच सांगून टाकतात. डॉक्टरांनी धाकट्याला सलाइन लावलं. एकदम सोडली की पहिले दिवस धोक्याचे असतात, म्हणाले, दारू औषधानं आटोक्यात येईल पण झोपेला वेळ लागेल, झोपेवर वेगळे उपचार आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी बाहेर बाकावर बसून सुभेदारांना बुवापाड्यातली खुर्ची सांगितली, सोनिवलीची सांगितली. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "शेठ, पहाऱ्यावरचा संत्री पोस्ट कधी सोडतो, माहितीय? बदली आल्यावर. दुसरा येऊन उभा राहतो, मग पहिला जातो. बदली येईपर्यंत हलायचं नाही." मग म्हणाले, "तुमच्या वडिलांना पेन्शन पाठवली, कोटा पाठवला. बदली पाठवायची राहून गेली."

चहा आला होता, तो प्यायलो.

तिथल्या दाराला कुलूप नसतं. ज्याला जायचंय तो जातो, धाकटा आधी गेलाच होता. भेटायला बंदी होती ते सगळे दिवस मी फोन वाजला की दचकत होतो. काल पहिली भेट, रविवारची. गाडी लांब लावून मी चालत निघालो, म्हणजे फाटकाशी तो पिशवी घेऊन उभा असेल तर मला दुरूनच दिसावं आणि चेहरा ठीक करायला वेळ मिळावा. आणि दिसलाच. फाटकापाशी उभा. मी मनात म्हटलं, झालं, निघाला. जवळ गेलो तर हातात पिशवी नव्हती. तिथं राहणाऱ्यांच्या कामाच्या पाळ्या असतात, त्यानं फाटकाची मागून घेतली होती. माझ्या पुढं दोन-तीन घरची माणसं डबे घेऊन उभी, त्यांना त्यानं सोडलं. माझ्यासमोर मात्र हात आडवा धरला. "थम! कौन आता है?"

पहिला होता तो. हसू दबा धरून बसलेला. इतकी वर्षं मी तो ऐकला नव्हता. मी तिथंच उभा राहिलो. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो काका, सरका ना पुढं, डबा गार होतोय." धाकटा म्हणाला, "ताई, ओळख पटल्याशिवाय सोडत नाही. ऑर्डर आहे." मग हळूच मला, "बोल की रे दादा, लोक खोळंबलेत."

"दोस्त," मी म्हटलं.

"दोस्त, आगे बढो. कोंबडी आणलीय का?"

आणली होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात आतून दुसरा एक जण आला, पिकल्या मिशांचा, धाकट्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल, हो मोकळा." धाकट्यानं फाटकाची कडी त्याच्या हातात दिली. आणि निघाला, अण्णा. मागं वळून न बघता माझ्याबरोबर आत झाडाखाली येऊन बसला, फाटकाकडे पाठ करून, आणि जेवला. सुभेदार लांबून बघत होते. निघताना मला म्हणाले, "लगेच पेढे वाटू नका. इथून गेलेले परत येतात, मीही आलो होतो. पण आज जेवला, एवढं खरं."

हे सगळं आज दुकानात मागच्या टेबलावर बसून लिहिलं. पाठवायचं कुठं? घडी करून तुमच्या लाल टेस्टरखाली ठेवून देईन, झालं. तो आता पेटत नाही, पण खणात आहे.

एक राहिलं. काल संध्याकाळी घरी आलो, दाराशी उभा राहिलो, कुलपात किल्ली घातली आणि फिरवायच्या आधी थांबलो. आतून कुणी विचारणार नव्हतं, ते मला माहीत आहे. तरी मी हळूच म्हणालो, "दोस्त." समोरच्या दारातल्या बाई चपला काढत होत्या, त्यांनी मान वर केली. "काही म्हणालात का, काका?" मी म्हटलं, "नाही नाही, किल्ली अडकली होती."

किल्ली अडकली नव्हती, अण्णा.