ताट फिरवून बघितलं असतं तर

प्रिय नाना,

तुमची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, कपाटामागे पडलेली. परवा खोलीची किल्ली चाळीच्या कमिटीला द्यायची आहे, म्हणून सकाळपासून आवराआवर चालली होती. वही उघडली आणि आवरायचं सोडून हे पत्र लिहायला बसले. खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय. मारू दे!

वहीत काय आहे ते शेवटी सांगते. आधी माझं ऐकून घ्या. तुम्ही गेल्यापासून आठ महिने माझं कोणी नीट ऐकलेलं नाही. तुम्ही तरी कुठे ऐकायचात म्हणा!

मी पाचवीत असताना गॅलरीत पाय घसरून पडले होते, आठवतं? फरशी ओली होती. मी भोकाड पसरलं, "शेजारच्या इंदूमावशीने पाणी सांडलं!" तुम्ही शाळेतून नुकतेच आला होतात, हाताला खडू तसाच. मला उचललंसुद्धा नाहीत. म्हणालात, "बरं. ही तुझी थेरी. मावशीने सांडलं असेल तर आणखी काय दिसायला हवं?"

"तिची बादली रिकामी."

"मग जा, बघ."

बादली काठोकाठ भरलेली. मग मी म्हटलं, टाकी वाहिली असेल. तुम्ही म्हणालात, "तर वरच्या माळ्यावर पण ओलं असेल. वर जाऊन बघ." गुडघा फुटलेला, तशी लंगडत वर गेले. वर तळं साचलं होतं. खाली आले तेव्हा तुम्ही एवढे खूश, की माझ्या गुडघ्याला हळद लावायची राहूनच गेली. शेवटी इंदूमावशीनेच लावली, जिच्यावर मी आळ घेतला होता तिने!

"ती नुसती थेरी आहे हो" असं चाळीत कोणी म्हणालं की तुमचं डोकं फिरायचं. "गुरुत्वाकर्षण पण नुसती थेरीच आहे, मार उडी तिसऱ्या माळ्यावरून!" मग तो बिचारा पळेपर्यंत तुमचा तास चालायचा. जे दिसलं त्याचं कारण थेरी सांगते. एकाच दोऱ्यात दहा निरीक्षणं ओवते. पण तेवढ्याने भागत नाही. आणखी काय दिसेल हे तिने आधी सांगायला हवं, आणि काय दिसलं तर आपण खोटे, हेही. "काहीही दिसलं तरी जी खरीच ठरते, ती थेरी नव्हे गो चेडवा, माझे पोरी. ती समजूत. आणि समजूत रुसलेल्याची काढायची असते."

हे सगळं मला पाठ होतं, नाना. उपयोग शून्य.

चाळ पाडून नवी बिल्डिंग बांधायची ठरली आणि मी तुम्हाला न विचारता कमिटीला सांगून टाकलं, "आमची संमती आहे." चुकलंच माझं. तुम्ही गॅलरी दणाणून जाईल एवढे ओरडलात. मग गप्प झालात. मी मनात म्हटलं, झालं, नाना रुसले.

का नाही म्हणणार? रुसण्यात तुमचा हात कोण धरणार होतं! आई असताना बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडली नाहीत म्हणून तुम्ही आठवडाभर अबोला धरला होता. माझ्या थेरीला मागचा पुरावा भक्कम होता.

आणि मग सगळंच त्यात बसत गेलं. मी डावीकडून हाक मारली की तुम्ही वळत नव्हतात. रुसलेत! संमतीपत्रावर सही केलीत ती जागा सोडून, कागदाच्या पार उजव्या कडेला. मुद्दाम! दाढी उजव्या गालाची केलीत, डाव्या गालावर खुंट तसेच. सगळी चाळ हसली, "नानांचो अर्धो निषेध!" मीही हसले. एक चप्पल घालून वाण्याकडे गेलात, तेव्हा तर मी चिडलेच. नाटकं, म्हटलं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते चटणीचं. सुक्या जवळ्याची चटणी तुमचा जीव की प्राण. पहाटे उठून, ऑफिसला जायच्या आधी, मी जवळा भाजायचे. तुमच्या ताटात डाव्या बाजूला वाढायचे, आपल्याकडे चटणी वाढतात तिथेच, मिठाच्या शेजारी. तुम्ही भात खायचात, भाजी खायचात, उठायचात. चटणी तशीच. रोज. मला वाटायचं, माझ्या हातचं नको झालंय यांना. ताट घासताना रडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत वाढायचे. हट्ट कोणाचा मोठा होता, सांगा बघू!

एक दिवस मला ऑफिसात उशीर झाला आणि इंदूमावशीने तुम्हाला जेवायला बोलावलं. मावशीचं डावं-उजवं जन्मभर उलटं. समोर बसून वाढते, आपल्या डाव्या हाताला चटणी ठेवते, म्हणजे जेवणाऱ्याच्या ती उजव्या हाताला येते. मी घरी आले तर ही बाई दारातच, "तुझ्या बापसान माझी चटणी चाटून पुसून खाल्ल्यान गो! भाजीक मात्र हात लावूक नाय."

नाना, हेच ते! बादली भरलेली होती. माझी थेरी खोटी ठरवणारी गोष्ट दारात उभी राहून ओरडून सांगत होती. आणि मी काय केलं? म्हटलं, बघ, शेजारणीची चटणी चालते, पोटच्या पोरीची नाही. किती खोल गेलाय राग! आणि भाजी? भाजी मावशीची बेचवच असते.

तीसुद्धा ओवली मी दोऱ्यात.

मग एका रविवारी तुम्ही जेवता जेवता हळूच विचारलंत, "चटणी नाही?" एवढे दिवस वाढते ती दिसत नाही, आणि वर विचारतात! मी फणकारले, "समोर आहे, डोळे उघडून बघा!" तुम्ही ताटाकडे बघितलंत. बराच वेळ. मग "असू दे" म्हणून हात धुतलात. कसे हो दिसत होतात तेव्हा! तो चेहरा मी आता रोज बघते.

तुम्ही बाथरूममध्ये पडलात तेव्हा कुठे परळला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. माझ्याहून लहान डॉक्टरीणबाई. कागद देऊन म्हणाली, "आजोबा, घड्याळ काढा." जन्मभर फळ्यावर हाताने बिनचूक वर्तुळ काढणारे तुम्ही! बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेत. डावा अर्धा कोरा.

बाहेर येऊन ती म्हणाली, "डोळे नीट आहेत. मेंदूत उजवीकडे गाठ आहे. त्यांच्यासाठी डावी बाजू जगातच नाही." एका वाक्यात दाढी, चप्पल, सही, हाक, चटणी, सगळं आलं. आणि मावशीची भाजीपण! वर म्हणाली, "खात्री करायचीय? ताट फिरवून बघा."

मी डब्यात चटणी नेली होती. ताट फिरवलं. चटणी उजवीकडे आली. तुम्ही चिमूट उचललीत, तोंडात घातलीत आणि तुमचे डोळे भरून आले. म्हणालात, "आज वाढलीस." मला वाटलं, गाठीमुळे काहीतरी बोलताय. दोन दिवसांनी बोलणंच थांबलं. महिन्याभरात तुम्ही गेलात. आधी आणलं असतं तर? डॉक्टरीण म्हणाली, सांगता येत नाही. मी खोदून विचारलं नाही.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, नानांचं काही राहिलं नाही. मी म्हटलं, कावळ्याला भूक लागली होती. तुमचीच पोर ना!

आता वही. शेवटच्या पानावर अक्षरं सगळी उजव्या अर्ध्यात चिकटलेली, शाळेतल्या प्रयोगवहीसारखी मांडलेली.

"निरीक्षण : शुभा हल्ली मला चटणी वाढत नाही. अनुमान : मी ओरडलो त्याचा राग. पडताळा : चटणी मागून बघणे."

त्याखाली, "मागितली. समोर आहे म्हणाली. समोर नव्हती. निष्कर्ष : राग मोठा आहे. समजूत काढायला हवी. कशी ते कळत नाही."

पुढची पानं कोरी.

म्हणजे तुम्ही नियमाने पडताळा घेतलात. तो मी बिघडवला. आणि "आज वाढलीस" म्हणालात ते राग गेला समजून! नाना, राग नव्हताच हो! कोणाचाच नव्हता. दोघं एका ताटाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची समजूत कशी काढायची याचा विचार करत होतो.

शब्द देते. यापुढे कोणी माझ्यासमोर गप्प बसलं तर आधी ताट फिरवून बघेन, मग काय ते ठरवेन. पण घरात आता आहे कोण? ताट एकच लागतं. आणि त्यात चटणी नसते.

हे तुम्हाला पोचेल, याला पडताळा नाही, ठाऊक आहे मला. तरी लिहिते. चटणी रोज वाढली होती, नाना. रोज.

तुमची,
शुभा