मधलं अक्षर

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. त्यातला अर्धा आईला द्या, नाहीतर ती रुसेल.

आमचं बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं. नोकरी पुढे चालू राहायला माझे लेख किती संशोधकांनी आपल्या कामात वापरले ते दाखवावं लागतं. आकडा फारच लहान निघाला होता. काळजी करू नका, ती माझी करून झाली.

आज ग्रंथालयातल्या बाईंनी कारण शोधलं. लग्नाआधीची मी आणि नंतरची मी, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळ्या बायका होत्या. त्यांनी दोघींना एका पानावर आणलं आणि जगाचा नकाशा उघडला. जिथे कुणी माझा लेख वापरला तिथे एक ठिपका. बाबा, मी खुर्चीत बसायचं विसरले.

सगळ्यात जास्त ठिपके कुठल्या लेखाचे, सांगा? विहिरींच्या पाण्याचा, ज्यासाठी तुम्ही सायकलला बाटल्या बांधून पाणी आणायचात. तो कुणी वाचलाच नाही असं मी धरून चालले होते. ज्या गावांची नावं मला उच्चारता येत नाहीत, तिथली माणसं त्यावरून विहिरी तपासतात.

बाई म्हणाल्या, "आता कायमचं एकच नाव ठरवा." मी लग्नाआधीचं ठेवलं. तुमच्या जावयांनीच सुचवलं, त्यामुळे आईला सांगायला हरकत नाही.

गुडघा कसा आहे? सायकल अजून चालवता का?

छापताना तुमचं नाव पुरतं येत नाही, माझ्या नावाच्या मध्ये त्याचं एकच अक्षर येतं. देशोदेशीचे लोक ते लिहितात, आणि ते कशाचं हे एकालाही ठाऊक नाही.

ते ठाऊक असलेली,
तुमची धाकटी